साडेत्रेसष्ट माणसांचा कारखाना

ज्या गावाला किल्ला असतो त्या गावालाच इतिहास असतो, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. त्या हिशेबानं आमच्या जालना जिल्ह्याचं काही वाईट नाही. खुद्द जालन्यात १७२५ साली बांधलेला किल्ला आहे, मोती तलाव आहे आणि जिल्ह्यात असई आहे. तिथं २३ सप्टेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली नावाच्या गोऱ्यानं शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. हाच गोरा पुढं ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूवर नेपोलियनला भारी पडला. म्हातारपणी त्याला कुणीतरी विचारलं, "साहेब, तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती?" तर त्यानं वॉटर्लूचं नाव न घेता असईचं घेतलं, असं सांगतात. एवढं सर्टिफिकेट मिळूनही आमच्याकडचा माणूस असईला जातो तो सोयऱ्याच्या लग्नाला.

माझी अडचण वेगळी आहे. मी कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. लढाई कोण जिंकलं यापेक्षा तिचा खर्च कोणत्या खात्यात टाकला, हा प्रश्न माझ्या मनात आधी येतो. तलवारी आणि तोफा वाचताना मला डुलकी लागते, पण एखादा जुना आकडा दिसला की झोप उडते. म्हणून मी जो इतिहास सांगणार आहे तो किल्ल्याचा नाही, जिनचा आहे.

जिन म्हणजे बाटलीतली नव्हे. बाटलीतून निघून 'क्या हुक्म है मेरे आका' म्हणणारा तो जिन्नही नव्हे, आणि हल्लीची पोरं गुडघ्यावर फाडून घालतात ती जीनही नव्हे. हे जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढणारं यंत्र. इंग्रजीतल्या 'इंजिन' या शब्दाची मुंडी उडवली आणि 'जिन' उरलं. आमच्याकडच्या लोकांनी त्या शब्दाला यंत्राच्या बाहेर काढून सगळ्या कारखान्यालाच लावलं. "कुठं चाललास?" "जिनवर." बस्स. त्यात यंत्र आलं, शेड आली, चिमणी आली, काटा आला, भोंगा आला आणि फाटकासमोरचं चहाचं हॉटेलसुद्धा आलं.

शहरातल्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. शेतातून वेचून येतो तो कापूस. त्यातून सरकी काढली की उरते ती रुई. वजनाच्या हिशेबात कापसात रुई साधारण एक तृतीयांश, बाकी सगळी सरकी. म्हणजे शेतकऱ्यानं गाडीभर माल आणला तरी मुंबईच्या गिरणीला हवा असलेला भाग त्यात तिसरा हिस्साच. राहिलेली सरकी तेलाला आणि ढोरांना. पाच क्विंटल कापूस घातला तर हल्लीच्या मापानं एकशे सत्तर किलोची रुईची एक गाठ होते.

पूर्वी हे काम घराघरात हातरेच्यावर चालायचं. दोन लाटा एकमेकींवर ठेवलेल्या, एका हातानं दांडा फिरवायचा, दुसऱ्या हातानं कापूस सारायचा. पलीकडे रुई, अलीकडे सरकी. दिवसभर हात मोडेस्तोवर फिरवलं तर दोन-तीन किलो रुई. काम बायकांचं. १७९३ साली अमेरिकेत एली व्हिटनेनं तारेच्या दात्यांचं जिन काढलं आणि तिकडं कापसाचं रान माजलं. त्याबरोबर गुलामीही माजली. १८४० साली फोन्स मॅकार्थी नावाच्या दुसऱ्या अमेरिकनानं चामड्याच्या लाटेचं जिन काढलं. लाट रुई धरून ओढते, पातं सरकीला अडवतं, हलतं पातं तिला टोले मारून खाली पाडतं. थोडक्यात, आमच्या हातरेच्यालाच वाफेच्या इंजिनाचा पट्टा जोडला. आपल्याकडं मुख्यतः हेच लाटेचं जिन रुजलं. एवढी प्रगती झाली, पण यंत्राच्या तोंडात कापूस सारायचं काम मात्र जिचं होतं तिच्याकडंच राहिलं. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढं हिशेबात लागणार आहे.

आता जालना. हे तेव्हा निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात. १८२७ पासून इथं हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. १९०१ च्या खानेसुमारीत जालन्याची वस्ती २०,२७० आणि कुंडलिकेच्या पलीकडच्या कादराबादेची ११,१५९. कादराबाद व्यापारपेठ. म्हणजे नदीच्या एका काठाला शिपाई आणि दुसऱ्या काठाला शेठजी, अशी सोयीस्कर वाटणी. मग १९०० साली मनमाडकडून हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे आली. मीटरगेज, छोटीशी गाडी. तिनं मात्र मोठा चमत्कार केला. तोवर बैलाच्या पाठीवरून आणि गाडीतून आठवडेच्या आठवडे रखडणारा कापूस आता मनमाडला जाऊन, तिथं मोठ्या गाडीत बदली होऊन, थेट मुंबईला. १९०३ साली छावणी उठली. पण गाव ओस पडलं नाही. पलटण गेली, जिन आलं. बिगुल बंद झाला आणि भोंगा सुरू झाला.

इंग्रजी अमदानीत छापलेल्या गॅझेटियरात याची नोंद आहे, आणि माझी झोप उडवली ती तिनंच. औरंगाबाद शहरात १८८९ साली निघालेल्या कापडगिरणीत सातशे माणसं. रेल्वे आल्यावर एकट्या जालन्यात नऊ जिन आणि पाच प्रेस. याशिवाय औरंगाबाद आणि कन्नड इथं मिळून दोन जिन. आणि या सगळ्या जिन-प्रेसमध्ये १९०१ साली काम करणारी माणसं किती? १,०१६.

हजार नाही, अकराशे नाही. एक हजार सोळा! असा आकडा पाहिला की कारकुनाला बरं वाटतं. हजार म्हटलं असतं तर कुणीतरी अंदाजपंचे ठोकलं असा संशय आला असता. हे सोळा आहेत ना, तेच प्रामाणिकपणाचे. कुणीतरी एक-एक डोकं मोजलेलं आहे. मी सवयीनं कागदावर बेरीज मांडली. नऊ जिन, पाच प्रेस, आणखी दोन जिन. झाले सोळा कारखाने. एक हजार सोळा भागिले सोळा. उत्तर आलं साडेत्रेसष्ट.

पुन्हा केलं. पुन्हा साडेत्रेसष्ट. कॅल्क्युलेटरवर केलं. तेवढंच.

माझ्या एका सहकाऱ्याला दाखवलं. तो म्हणाला, "अहो, सरासरी आहे ती. सरासरीत अर्धा माणूस निघायचाच. आपल्या शाखेत दर टेबलाला पाऊण माणूस आहे, आपण कधी तक्रार केली का?" त्याचं म्हणणं गणिताच्या दृष्टीनं बिनचूक होतं. पण बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला अर्ध्याची गोष्ट अशी सोडवत नाही. आमच्याकडं संध्याकाळी आठ आण्यांचा फरक आला तर सगळा स्टाफ बसून राहतो. आठ आणे कुणी खिशातून टाकू म्हटलं तरी चालत नाही. फरक सापडलाच पाहिजे. मग इथं तर दर कारखान्यामागं अर्धा माणूस! तो कोण?

पहिला संशय मुनिमावर गेला. मुनीम म्हणजे आमच्याच जातकुळीतला. अर्धा इथं आणि अर्धा शेठजींच्या वाड्यावर भाजी पोचवायला. पण मुनीम स्वतः हजेरी लिहिणारा. हजेरी लिहिणारा माणूस स्वतःला अर्धा कधीच लिहीत नाही.

दुसरा संशय पोरांवर. मुंबईच्या गिरण्यांत लहान पोरांना 'हाफ टायमर'च म्हणायचे. कायद्यानं त्यांना अर्धाच दिवस काम. पण कायद्याची गंमत ऐका. ब्रिटिश हिंदुस्थानचा पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. तो लागू कुणाला, तर ज्या कारखान्यात शंभर माणसं आहेत आणि जो वर्षातून चार महिन्यांपेक्षा जास्त चालतो त्याला. जिनचा हंगाम कापसाबरोबर येणार आणि कापसाबरोबर जाणार. त्यातून पुष्कळशी जिनं अलगद सुटली. १८९१ साली शंभराचे पन्नास झाले. साडेत्रेसष्टवाले आता सापडणार! पण हंगामी कारखाने कायद्यात यायला १९११ उजाडलं. त्या कायद्यानं बायकांची रात्रपाळी बंद ठेवली, पण कापसाचे जिन-प्रेस तेवढे वगळून! आणि हे सगळं पुन्हा इंग्रजांच्या मुलखात. आमचं जालना निजामाचं. तो कायदा आमच्या हद्दीबाहेरच गाडीतून उतरणार. म्हणजे आमच्याकडं हाफ टायमर असलाच तर तो पगारापुरता हाफ, कामाला फुलच असणार.

तिसरी आणि पक्की माहिती मला मिळाली ती गॅझेटियरात नाही. माझ्या वडिलांची एक आत्या होती. आम्ही तिला आत्याआजी म्हणायचो. ती जिनवर जन्मली असं घरात गमतीनं म्हणत. जन्मली नव्हती, पण वाढली होती. तिची आई हंगामात जिनवर जायची आणि ही बाजूला लिंबाच्या फांदीला बांधलेल्या झोळीत. पुढं झोळीतून उतरून ती स्वतःच जिनच्या रांगेत उभी राहिली आणि तिची मुलं झोळीत. निजामी गेली, १९४८ आलं, भाषावार प्रांत झाला, महाराष्ट्र झाला. लिंबाची फांदी तीच.

"आजी, तिथं कसं असायचं गं?" मी विचारायचो.

"कसं आसनार? पैला भोंगा झाला की उठायचं, दुसरा झाला की पळायचं. डोक्यावं टोपलं, टोपल्यात कापूस. मशिनीच्या तोंडात सारायचा. तिचं प्वाट काई भरत नव्हतं बाबा. आपलंच रिकामं ऱ्हायचं."

"आणि मजुरी?"

"बाप्याला पुरी, बाईला निम्मी. मी एकडाव इच्यारलं मुनीमजीला, की मी काय अर्धी हाय का? तर म्हने, आसंच आसतं."

मला एकदम उजेड पडला. मोजणीच्या कागदावर ती पुरी एक होती. पगाराच्या कागदावर अर्धी. एका माणसाच्या दोन नोंदी, दोन्ही जुळत नाहीत, आणि मधला जो फरक आहे तो कुणीतरी रोज उचलत होतं. आम्हाला कॉलेजात डबल एन्ट्री शिकवली ती अशी नव्हती.

तिनं सांगितलेलं जिन मात्र मोठं नामी होतं. दसरा-दिवाळी झाली की आजूबाजूच्या गावांतून गाड्यांची रीघ लागायची. काट्यावर मापाडी, गंजीवर हमाल, इंजिनावर फायरमन, जिनला तेल घालणारा ऑइलमन आणि शेडमध्ये लुगड्याचा पदर तोंडाला बांधून बायकांची रांग. सगळ्यांच्या केसांवर, भुवयांवर, पापण्यांवर रुईचा फुलोरा. "समद्या म्हाताऱ्या दिसायच्या," आजी म्हणायची, "सोळा वर्साचीबी म्हातारीच." कुणाशी कुणाची जात जुळत नव्हती; पाण्याचे माठ वेगळे होते, पण धूळ एकच होती. बिडीला मात्र कडक बंदी. गंजीला ठिणगी लागली की सगळा हंगाम तासाभरात राख. आणि होळीच्या सुमाराला कापूस संपला की एके दिवशी भोंगा व्हायचाच नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्याजणी रानात.

आत्याआजीला जिननं पेन्शन दिलं नाही, फंड दिला नाही. खोकला दिला. तो तिनं मरेपर्यंत दर महिन्याला बिनचूक उचलला.

पैशाच्या बाबतीतही निजामाच्या राज्यात मजा होती. राज्यात चालायचा हाली शिक्का, बाहेर इंग्रजांचा कलदार. सहा कलदाराला साधारण सात हाली असा भाव. रुई मुंबईला विकली की शेठजींच्या हाती कलदार. मजुराच्या हातावर हाली. एकाच कापसाचे रेल्वेच्या दोन टोकांना दोन रुपये, आणि मध्ये हुंडणावळ खाणारी मंडळी. १९४१ साली सरकारनं हैदराबाद स्टेट बँक काढली. तिचंच पुढं स्टेट बँक ऑफ हैदराबाद झालं आणि २०१७ साली ती मोठ्या स्टेट बँकेत विरून गेली. हाली शिक्क्याची आठवण आता जुन्या खोक्यातल्या एखाद्या नाण्यापुरतीच.

मग आली एकाधिकार योजना. कायदा १९७१ चा, अंमल १९७२ पासून. महाराष्ट्रात शेतकऱ्याचा कापूस फक्त सरकार घेणार, व्यापाऱ्यानं हात लावायचा नाही. जिनचे मालक तेच, यंत्रं तीच, पण माल सरकारचा. त्यांना पिळाईचे पैसे. हेतू चांगला होता. शेतकऱ्याला हमीभाव, वर फायदा झाला तर बोनस. माझ्या लहानपणी आमच्या वडिलांच्या गाडीबरोबर मी केंद्रावर गेलो आहे. रांग इतकी लांब की शेवटच्या गाडीतल्या माणसाला पहिली गाडी कोणत्या गावची हे कळायचं नाही. तीन-तीन मुक्काम. गाडीखाली चूल, गाडीवर झोप, बैलांना तिथंच कडबा. त्या रांगेत पत्त्यांचे डाव झाले, भांडणं झाली, सोयरिकीसुद्धा जमल्या. "आपण एका रांगेत होतो," ही ओळख वर्गबंधूपेक्षा घट्ट.

आणि शेवटी ग्रेडर. हा माणूस मूठभर कापूस उचलायचा, बोटांनी ओढायचा, आभाळाकडं बघायचा आणि एक शब्द बोलायचा. त्या एका शब्दात घरातलं लग्न ठरायचं किंवा मोडायचं. फरतड म्हणजे शेवटच्या वेच्याचा माल. कवडी म्हणजे किडलेला. वडिलांचा कापूस कवडीत गेला त्या रात्री गाडी रिकामी असूनही बैल हळू चालत होते, असं मला आठवतं. त्यानंतर चुकारे. चुकारा म्हणजे कापसाचे पैसे. पण हा शब्द 'चुकवणे' या क्रियापदाच्या कोणत्या अर्थावरून आला याबद्दल शेतकऱ्यांत आणि सरकारात मतभेद होते. योजना पुढं तोट्यात रुतली आणि २००२ च्या सुमाराला खासगी व्यापाऱ्यांना पुन्हा वाट मोकळी झाली.

दरम्यान १ मे १९८१ ला जालना जिल्हा झाला. आमची जुनी म्हण 'जालना सोने का पालना'. पाळणा आहेच, पण त्यातलं बाळ दर पन्नास वर्षांनी बदलतं. आधी पलटण, मग कापूस, मग बी-बियाणं आणि लोखंडाच्या सळ्या. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथं महिको काढली; त्यांना १९९८ साली वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. २००२ साली सरकारनं बीटी कापसाला परवानगी दिली त्यातही याच कंपनीचा हात. म्हणजे जे गाव कापसातून सरकी काढून बाजूला टाकत होतं ते आता सरकीच पुड्यात घालून विकू लागलं. रुईपेक्षा सरकी महाग, हे आत्याआजीला सांगितलं असतं तर तिनं माझ्या डोक्याला हात लावून ताप बघितला असता.

जिनंही बदलली. २००० साली केंद्र सरकारनं कापसाचं टेक्नॉलॉजी मिशन काढलं. अनुदान आलं, नवे कारखाने झाले. आता मोठ्या नळातून वाऱ्यानं कापूस ओढला जातो आणि आपोआप लाटेवर पडतो. सारायला रांग नको, टोपलं नको. धूळ कमी, कचरा कमी, गाठ चांगली. हे सगळं चांगलंच झालं. त्या धुळीसाठी अश्रू ढाळावेत असं काही नाही. पण रांगेतल्या बायकांचं काय झालं? त्यांच्या सुना-नाती मला बी-प्लॉटवर दिसतात. संकरित बियाण्यासाठी कपाशीच्या एका-एका फुलातले पुंकेसर बोटांनी काढायचे आणि दुसऱ्या झाडाच्या फुलाचा पराग त्यावर घासायचा. त्याला 'क्रॉसिंग' म्हणतात. कमरेत वाकून दिवसभर. हे यंत्रानं अजून जमत नाही, बोटंच लागतात. एकीला मी सहज विचारलं, "ताई, रोज किती पडतो?" ती म्हणाली, "गड्यापरीस कमीच. आसंच आसतं."

आत्याआजीला मुनिमानं दिलेलं उत्तर, शब्दाला शब्द. मधल्या काळात निजाम गेला, हाली गेला, मीटरगेज गेली, एकाधिकार आला आणि गेला. ते एक वाक्य तेवढं गेलं नाही.

बँकेत एक सोय असते. ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती सस्पेन्स खात्यात टाकतात. म्हणजे पैसे बुडाले नाहीत, पण कुणाच्या नावावर लावायचे ते अजून कळलेलं नाही. ऑडिटर दर वर्षी येऊन त्यावर लाल पेन्सिलीनं खूण करतो आणि 'ताबडतोब निकाली काढा' असा शेरा मारतो. आम्ही ती नोंद पुढच्या वर्षात ओढतो.

सोळा कारखान्यांचे सोळा अर्धे म्हणजे आठ माणसं होतात. गॅझेटियरवाल्यांनी ती मोजून १,०१६ मध्ये धरलेली आहेत. त्यांचा हिशेब चोख. फरक आहे तो पगाराच्या वहीत. मी माझ्या डायरीच्या मागच्या पानावर सस्पेन्स खातं उघडून तो तिथं लिहून ठेवलाय. तारीख १९०१. तपशील: जिनवरच्या बायका, निम्मी मजुरी येणे बाकी. व्याज मी काढलेलं नाही. एकशे वीस-पंचवीस वर्षांचं चक्रवाढ व्याज काढलं तर नऊ जिन, पाच प्रेस आणि वर जालन्याचा किल्ला विकूनही ते फिटायचं नाही, आणि किल्ल्याला तर तारण म्हणून आमची बँक उभीसुद्धा करणार नाही.